जुन्या पिकअपची थरथर : ग्रीस निपलवाला क्रॉस घ्यावा का?

घ्यावा, पण आधी दोष ओळखा. क्रॉस म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टमधला अधिकच्या चिन्हासारखा सांधा; ग्रीस निपल म्हणजे त्यात ग्रीस भरायचं तोंड. रिकाम्या गाडीला ६०-८० च्या वेगात थरथर आणि गिअर टाकताना 'टक्' असा आवाज येत असेल, तर क्रॉस झिजलेला असण्याची शक्यता जास्त. उभ्या भरल्या गाडीने जागा सोडतानाच हादरे बसत असतील, तर आधी सेंटर बेअरिंगचं (शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगचं) रबर बघा; नुसता क्रॉस बदलून पैसे वाया जातील.

या क्रॉसचा खरा फायदा म्हणजे ग्रीस भरता येतं. चिखलपाण्यातल्या गाडीला सीलबंद क्रॉसपेक्षा हाच बरा. लिथियमचं ईपी-२ (जास्त दाब सोसणारं) ग्रीस चारही सीलमधून बाहेर दिसेपर्यंत भरा. एखाद्या कपातून (क्रॉसच्या टोकावरच्या टोपीतून) येत नसेल, तर तो कोरडा राहतो आणि तिथूनच जळतो.

शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर) आणि स्लाइडिंग योकवर (शाफ्टवर मागेपुढे सरकणाऱ्या दुबेळक्यावर) पंचाने खुणा कराच. योक एक स्प्लाइन (शाफ्टवरचा दाता) जरी सरकला, तरी नव्या क्रॉसवरही थरथर राहते. कप हातोड्याने ठोकू नका, व्हाइसमध्ये दाबा. कपातल्या बेअरिंगची एखादी सुई आडवी पडली की सर्क्लिप (कप अडकवून ठेवणारी कडी) खोबणीत बसत नाही. तरीही कंप उरला, तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्या. शाफ्टच्या नळीवर वेल्ड केलेली वजनं मात्र बॅलन्सिंगवाल्याशिवाय कुणालाही काढू देऊ नका.