खाचांची लाकडी अंकपाटी: पावसाळाभर वापरल्यानंतर

साताऱ्यातल्या आमच्या बालवाडीत उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ही पाटी रोज वापरात आहे. एका बाजूला मराठी अंक, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, सोबत लाकडी काडी. अंक कोणत्या दिशेला वळतो हे बोटांना कळावं, यासाठी ती फार चांगली आहे. पण तेवढ्यावर मूल लिहू लागत नाही.

मोठी उणीव म्हणजे सुरुवात कुठून करायची, हे तिच्यावर दाखवलेलंच नाही. मूल ४ चा खालचा गोल आधी गिरवतं आणि वरचे दोन हात नंतर जोडतं. आकार बरोबर दिसतो, सवय मात्र चुकीची लागते. ४ डावीकडे वरून निघतो, खाली गोल घेतो आणि हात न उचलता उजवीकडे वर संपतो. म्हणून प्रत्येक अंकाच्या आरंभी लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यावा.

आधी अंक मोठ्याने म्हणत तर्जनीने तीनदा गिरवायचा, मग काडीने, मग डोळे मिटून बोटाने. खाचेच्या कडा हाताला आवरतात, त्यामुळे मुलाला स्वतः थांबावं लागत नाही. लगेच साध्या पाटीवर गेलं की वळण सुटतं. मध्ये रांगोळीचं ताट हवंच! थर पातळ ठेवा. जाड थरात कडा ढासळतात आणि रेघ बुजते.

२ आणि ३ लागोपाठ घ्या, दोन्ही वर डावीकडून सुरू होऊन उजवीकडे वळतात. ३ आणि ६ मात्र एका दिवशी नकोत, त्यांची पोटं विरुद्ध बाजूंना आहेत. सेमी-इंग्रजीची मुलं ७ आणि इंग्रजी सहा यांतही अडकतात, कारण दोन्हींचं वळण एकाच दिशेचं. सहा-सात वर्षांपर्यंत अंक अधूनमधून उलटे येतातच, त्यासाठी रागावू नये.

सोबतची काडी जाड आहे, मुलं ती मुठीत धरतात. पेराएवढा खडूचा तुकडा दिला की आपोआप तीन बोटांची पकड येते.

पाटी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची आहे. पावसाळ्यात ओल्या फडक्याने पुसल्यावर कडा फुगल्या. खाचांतली पूड कोरड्या टूथब्रशनेच काढावी.

एकवीस ऐकून १२ लिहिणाऱ्या मुलाला हिचा उपयोग नाही. तिथे नावात एक आधी येतो, ही अडचण आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असं वाचन दिलं ते याचसाठी. त्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्याच लागतात.