भाच्यासाठी घेतलेलं काउन्सेलिंग, 6 सेशन झाल्यावरचा अनुभव

भाचा 15 वर्षांचा, शाळेत मारामाऱ्या, घरातून पैसे उचलणं, पकडला तर चेहऱ्यावर काही नाही. ताई रडकुंडीला आलेली म्हणून मीच घेऊन गेलो. सेंटरचं नाव देत नाही कारण रिसेप्शनबद्दल बोलायचंय, पहिल्या दिवशी दीड तास बसवून ठेवलं आणि वर सगळ्यांसमोर मोठ्याने "प्रॉब्लेम काय आहे मुलाचा?" अरे काय पद्धत आहे ही!

पण काउन्सेलिंग करणाऱ्या मॅडम चांगल्या निघाल्या. आधी भाच्याला नाही, ताईलाच तासभर ऐकलं, दाजींचं पिणं, लहानपणी पोराने बघितलेली आणि खाल्लेली मारझोड सगळं निघालं. मग त्यांनी 1998 च्या अमेरिकेतल्या फेलिटी आणि अँडा यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं, बालपणी मार, हेळसांड, घरात दारू असे अनुभव जितके जास्त तितका मोठेपणी त्रासाचा धोका वाढतो, पण धोका म्हणजे नशीब नव्हे, अशी कितीतरी पोरं नीट मोठी होतात. मी सरळ विचारलं, हा गुन्हेगार होणार का? तर म्हणाल्या 18 च्या आत समाजविघातक व्यक्तिमत्त्व (सतत नियम मोडणं, दुसऱ्याला त्रास देऊन पश्चात्ताप नसणं असा मानसिक विकार) असं निदान करतच नाहीत, लेबल लावू नका. सतत मार खाल्लेल्या पोराला साध्या नजरेतही धमकी दिसते म्हणे, हे मला एकदम पटलं.

जादू वगैरे नाही, परवाच परत भांडून आला. पण ताईने आरडाओरडा बंद केलाय आणि तो जेवायला सगळ्यांसोबत बसतो. मॅडमना 5 स्टार, रिसेप्शनला 1.