मेढ्याचा राउटर साताऱ्यातून बंद-चालू करणारी पेटी: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

एका पतसंस्थेच्या सहा शाखांचे संगणक आणि नेटवर्क मी सांभाळतो. त्यांपैकी मेढ्याच्या शाखेतील राउटर महिन्यातून दोन-तीनदा हँग होत असे आणि त्यावर उपाय एकच होता, तो बंद करून पुन्हा चालू करणे. शाखेत माणसे असतील तेव्हा हे काम एका फोनवर होते. पण शनिवारी संध्याकाळी राउटर बसला, की कॅमेऱ्यांचे चित्र आणि रात्री मुख्य कार्यालयाकडे येणारा बॅकअप सोमवार सकाळपर्यंत बंद. दोनदा मी स्वतः भर पावसात गाडी काढून गेलो, प्लग काढला, दहा आकडे मोजले, प्लग लावला आणि परत आलो. दुसऱ्या खेपेहून परतल्यावर नेटवर्कवरून चालणारी, चार सॉकेटांची ही लोखंडी पेटी मागवली. तिला सुमारे चौदा हजार रुपये पडले. हीच पेटी बाजारात निरनिराळ्या नावांनी आणि रंगांत विकली जाते, म्हणून नावापेक्षा तिच्या वागणुकीबद्दल लिहितो.

हजार-बाराशे रुपयांचा वाय-फाय प्लग का घेतला नाही, असे अनेकांनी विचारले. टेबललॅम्प किंवा पंखा असेल तर तो प्लग उत्तम. पण ज्या राउटरला बंद-चालू करायचे आहे त्याच राउटरच्या वाय-फायवर तो अवलंबून असतो. राउटर हँग झाला की प्लगपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. या पेटीचे वेगळेपण म्हणजे ती केबलने जोडली जाते आणि कुणाच्या हुकमाची वाट न पाहता स्वतः इंटरनेटवरच्या ठरावीक पत्त्यांना पिंग करत राहते, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहते. उत्तर आले नाही, तर ठरवून दिलेल्या सॉकेटची वीज काही सेकंद तोडून पुन्हा देते. पैसे द्यायचे ते या एका सोयीसाठी. मोबाइलवरून सॉकेट चालू-बंद करण्याची मजा पहिल्या दोन दिवसांत संपते.

पेटीची बांधणी भक्कम आहे. आतले रिले (वीज जोडणारे-तोडणारे स्विच) वाजतात तेव्हा येणारा ‘टक्’ असा आवाज स्पष्ट असतो, आणि त्याचा उपयोग मला अपेक्षेपेक्षा जास्त झाला: काही अडले की शाखेतील लिपिकाला फोन पेटीजवळ धरायला सांगतो आणि रिले वाजला की नाही ते साताऱ्यात बसून ऐकतो. मागची सॉकेटे मात्र संगणकाच्या पॉवर केबलसाठी असतात तशी आहेत, आपल्या गोल पिनांची नाहीत. राउटर आणि मोडेमचे अडॅप्टर लावण्यासाठी जोडकेबली वेगळ्या घ्याव्या लागल्या, आणि खोक्यावर याचा उल्लेख कुठेही नव्हता.

पहिली जोडणी सोपी आहे, पण माहितीपुस्तिका ती अवघड करून सांगते. पेटीचा पत्ता कारखान्यातून १९२.१६८.०.१०० असा ठरलेला येतो. शाखेतील नेटवर्क १९२.१६८.१ या मालिकेत असल्यामुळे पेटी थेट जोडली तर ती दिसणारच नाही. लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून, त्याला हाताने १९२.१६८.०.५० असा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० असा मास्क देऊन, एका केबलने पेटीला थेट जोडावे, ब्राउझरमध्ये तिचे सेटिंगचे पान उघडावे आणि नवा पत्ता द्यावा. वाय-फाय बंद करण्याची पायरी गाळली, तर लॅपटॉप दुसऱ्याच वाटेने शोधत बसतो आणि पेटी खराब निघाली असा समज होतो. माझा अर्धा तास त्यातच गेला. नवा पत्ता राउटरच्या आपोआप वाटपाच्या कक्षेबाहेरचा निवडावा. मी तो कक्षेतलाच ठेवला होता. पुढच्या आठवड्यात तोच पत्ता राउटरने कॅशियरच्या संगणकाला दिला आणि पेटीचे पान कधी उघडे, कधी उघडत नसे. दोन उपकरणांचा पत्ता एक झाला, की लक्षण असेच लहरी असते.

खरी फजिती पुढे झाली, आणि ती पेटीच्या मूळ सेटिंगमुळे झाली. पिंग दर मिनिटाला, तीन वेळा उत्तर नाही तर वीज तोडायची, आणि वीज परत दिल्यावर साठ सेकंद थांबून पुन्हा पिंग सुरू करायचे, असे आकडे पेटीत आधीच भरलेले होते. ते वाचायला समंजस वाटतात. पण मेढ्यात फायबरचा मोडेम उठायला अडीच मिनिटे, त्यामागून राउटर, आणि मग लाइन स्थिर होणे, असे धरून जवळजवळ पाच मिनिटे लागतात. एका रात्री वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि पहाटे वीज आली. पेटी वीस सेकंदांत जागी झाली, मोडेम अजून डोळे चोळत होता, पेटीला उत्तर मिळेना, म्हणून तिने मोडेम आणि राउटर दोन्ही बंद केले. पुन्हा चालू केले, पुन्हा थांबली, पुन्हा बंद केले. सकाळी साडेनऊला लिपिकाचा फोन आला, “सर, पेटी सारखी टक्टक् करतेय आणि नेट येतच नाहीये.” राउटर बिघडलेला नव्हता, त्याला पुरते उठू दिलेच जात नव्हते. मी लिपिकाला पेटीची केबल काढून मोडेम आणि राउटर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायला सांगितले आणि पाच मिनिटांत नेट सुरू झाले.

आता माझे आकडे असे आहेत: दर मिनिटाला पिंग, सलग पाच वेळा उत्तर नाही तरच कारवाई, वीज पंधरा सेकंद बंद, त्यानंतर ३०० सेकंद थांबणे, आणि जास्तीत जास्त तीन प्रयत्न. पेटी स्वतः सुरू झाल्यावर पहिला पिंग करण्यापूर्वीही तितकेच थांबते. तीन प्रयत्नांची मर्यादा फार महत्त्वाची आहे, कारण रस्त्याच्या कामात फायबर तुटली असेल तर राउटर शंभर वेळा बंद-चालू करूनही काही मिळत नाही, उलट त्याचेच आयुष्य घटते. पिंगसाठी एक बाहेरचा पत्ता न देता ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे पत्ते दिले आहेत आणि दोन्ही गप्प असतील तरच वीज तुटते. पत्ते आकड्यांतच द्यावेत; संकेतस्थळाचे नाव दिले आणि नावाचा पत्ता शोधून देणारी सेवाच अडली, तर ठणठणीत राउटरलाही शिक्षा होते.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. साताऱ्यातून व्हीपीएनने (इंटरनेटवरून शाखेच्या नेटवर्कमध्ये नेणाऱ्या सुरक्षित वाटेने) पेटीच्या पानावर जाऊन मी राउटरच्या सॉकेटसमोरचे ‘बंद’ बटण दाबले, म्हणजे ज्या फांदीवर बसलो होतो तीच तोडली. राउटर बंद झाल्यावर ‘चालू’ दाबायला वाटच उरली नाही, आणि हाताने बंद केलेल्या सॉकेटकडे पिंगची व्यवस्था लक्ष देत नाही. यासाठी ‘बंद करून चालू’ असे वेगळे बटण असते. ते दाबल्यावर पुढचे काम पेटी स्वतः पुरे करते. नशिबाने या पेटीत एखाद्या सॉकेटचे ‘बंद’ बटण कुलूपबंद करता येते. ते मी त्याच संध्याकाळी केले.

मेढ्यातच आणखी एक गोष्ट उघडकीस आली, जिच्यासाठी पेटीला दोष देता येत नाही. सॉकेट बंद दाखवत असूनही टेस्टर पेटत होता. पेटीतील रिले फक्त एक तार तोडतो, आणि ती फेजची आहे असे गृहीत धरतो. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, समोरून पाहता अर्थिंग वर असताना, फेज उजवीकडे हवा. तिथे वायरमनने तो डावीकडे जोडला होता. त्यामुळे पेटी न्यूट्रल तोडत होती आणि ‘बंद’ उपकरणात फेज तसाच राहत होता. पेटी लावण्यापूर्वी हे दोन मिनिटांत तपासता येते आणि तपासावेच.

तक्रार आहे ती चौथ्या सॉकेटबद्दल. तिथे शाखेतील कुणीतरी लेझर प्रिंटर लावला. असा प्रिंटर तापताना मोठा प्रवाह खेचतो, आणि काही आठवड्यांनी रिलेचे संपर्क चिकटून बसले. पानावर सॉकेट बंद, ‘टक्’ आवाज नाही, आणि प्रिंटर मात्र चालू. एका सॉकेटवर कसला भार लावू नये हे पेटीवर ठळक छापायला हवे होते. माहितीपुस्तिकेत फक्त संपूर्ण पेटीची अँपिअरची मर्यादा दिली आहे. विक्रेत्याने हा वापरातला दोष म्हणून हात वर केले. शेवटी साताऱ्यातील एका कारागिराने रिले बदलून दिला.

वेळापत्रकाची सोय आहे, पण टाइम झोनच्या यादीत पूर्ण तासच दिलेले आहेत, भारतीय वेळेचे साडेपाच नाहीत. मी पाच निवडून सगळ्या वेळा अर्धा तास आधीच्या भरल्या आहेत. रात्री आठला फलकाचा दिवा विझवायचा असेल, तर पेटीत साडेसात लिहितो. चालते, पण मी रजेवर असताना कुणी हे पाहिले तर त्याचा गोंधळ उडणार.

सुरक्षेबाबत पेटी जुन्या वळणाची आहे. आधीपासून ठरलेला पासवर्ड बदलण्याची सक्ती ती करत नाही, आणि पान साध्या, कूटबद्ध नसलेल्या मार्गाने उघडते. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या आधारे जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून ही पेटी थेट इंटरनेटवर ठेवू नये. एक पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जाणाऱ्या बहुतेक जोडण्यांवर तसे करताही येत नाही. शाखेच्या राउटरने मुख्य कार्यालयाकडे स्वतः जोडलेला व्हीपीएन हा मार्ग मला सोयीचा पडला.

घरच्या वापरासाठी ही पेटी महाग आणि कटकटीची आहे. तिथे राउटर बदलणे स्वस्त पडेल. जिथे माणूस नसतो आणि जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो, तिथे मात्र ती घ्यावी. सेटिंग बदलल्यापासूनच्या अकरा महिन्यांत राउटर एकोणीस वेळा हँग झाल्याची नोंद पेटीत आहे आणि त्यासाठी मेढ्याला एकदाही जावे लागले नाही. दुसऱ्या एका शाखेसाठी तशीच पेटी मागवली आहे; ही मात्र आधी आठवडाभर माझ्या टेबलावर, एका जुन्या राउटरला जोडून ठेवणार आहे आणि रोज एकदा मुख्य स्विचच बंद करून पाहणार आहे.