जीटीएक्स १० मालिका: सेकंड हँड घेताना १०५० टीआय, १०६० की १०८० टीआय?

एनव्हिडियाची जीटीएक्स १० ही ग्राफिक्स कार्डांची मालिका, म्हणजे पास्कल पिढी, मे २०१६ मध्ये आली. आता ही कार्डं नवी मिळत नाहीत, पण सेकंड हँड बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांपासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत, अजून भरपूर फिरतायत. बजेट कमी असेल तर त्यातलं एखादं घेण्यात काहीच वावगं नाही. फक्त या मालिकेत नुसतं नाव वाचून पैसे मोजले की फसगत होते, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली गेली आहेत. म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी मेमरी किती आणि कोणत्या प्रकारची ते बघा, नाव त्यानंतर.

त्याही आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत. सुरक्षेचे अपडेट तेवढे दर तिमाहीला, ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. रे ट्रेसिंगसाठीचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं) हार्डवेअर यात नाही आणि डीएलएसएस (एआयच्या मदतीनं फ्रेम्स वाढवण्याची एनव्हिडियाची सोय) चालत नाही. ‘डूम: द डार्क एजेस’सारखा रे ट्रेसिंग सक्तीचं करणारा गेम खेळायचा असेल, तर १०८० टीआय घेतलंत तरी उपयोग नाही. घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचा विचार असेल तरी या पिढीच्या वाटेला जाऊ नका: एआयला लागणाऱ्या एफपी१६ (१६ बिटच्या) गणितात ही कार्डं फारच मंद आहेत आणि कुडा या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरच्या १३ व्या आवृत्तीनं त्यांचा सपोर्टही काढून टाकलाय. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, जुने मोठे गेम, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग, एवढी गरज असेल तर पुढे वाचा.

१०६०: नाव एक, कार्डं अनेक

बहुतेकांचा निर्णय १०६० पाशी येऊन थांबतो, आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच आहे. जुलै २०१६ मध्ये ६ जीबीचं १०६० आलं: १२८० कुडा कोअर (गणितं करणारे छोटे भाग), १९२ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातली वाट), १२० वॅट. महिन्याभरात ३ जीबीचं आलं. साहजिकच वाटतं की फरक फक्त मेमरीचा असेल, पण त्यात कोअरही ११५२ च आहेत. म्हणजे ते एक पायरी खालचं कार्ड आहे, आणि त्याला वेगळं नाव द्यायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. पुढे चीनमधल्या सायबर कॅफेंसाठी ५ जीबीचं आलं, त्याची बस १६० बिटची. शिवाय जास्त वेगवान मेमरीची ६ जीबी कार्डंही आली. या सगळ्यांच्या खोक्यावर १०६० च लिहिलेलं असतं.

३ जीबीचं कार्ड नुसते आकडे बघितले तर वाईट वाटत नाही. सरासरी फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६ जीबीच्या बऱ्याच जवळ जातात. त्रास दिसतो तो प्रत्यक्ष खेळताना. ६ जीबीच्या साध्या १०६० प्रमाणे याचीही स्वतःची मेमरी सेकंदाला १९२ जीबी वेगानं चालते. पण तीन जीबी भरले की उरलेली टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) पीसीच्या रॅममधून, मदरबोर्डच्या स्लॉटवाटे आणावी लागतात, आणि त्या वाटेचा वेग सेकंदाला फार तर १६ जीबी. गाडी भरधाव वळणावर घेतली की चित्र क्षणभर अडकतं, मग झटक्यानं पुढे सरकतं. फ्रेम्सचा काउंटर मात्र ५५-६० दाखवत असतो. सेटिंग कितीही कमी केली तरी नव्या गेममध्ये हा अडथळा पुरता जात नाही. ‘सायबरपंक २०७७’ची किमान अट २०२३ मध्ये बदलली, तेव्हा तिथे १०६० च्या पुढे ६ जीबी असं स्पष्ट लिहिलं गेलं. ३ जीबीचं कार्ड थोडक्या पैशांत मिळत असलं तरी मी ते घेऊ नका असंच सांगेन. ६ जीबीचं १०६० मात्र १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरसाठी या पिढीतला सर्वांत शहाणा सौदा आहे.

१०५० टीआय कोणासाठी

१०५० टीआय हे १०६० पेक्षा बरंच मागचं कार्ड आहे. ७६८ कोअर, १२८ बिट, ४ जीबी. ६ जीबीचं १०६० त्याच्यापेक्षा दीडपटीहून जास्त वेगवान आहे. तरीही एका ठिकाणी १०५० टीआय हेच बरोबर उत्तर आहे: ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश्ड डेस्कटॉप. या मशिनमध्ये एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लहान असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी पॉवर केबलच नसते. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड आहे, आणि तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. १०६० ला निदान सहा पिनांची केबल लागते. सीपीयूसकट चांगलं मशिन स्वस्तात हातात आलं असेल, तर १०६० च्या हट्टापायी नवा एसएमपीएस, आणि तो बसत नाही म्हणून नवं कॅबिनेट, या चक्रात पडू नका. दोन गोष्टी मात्र तपासा. १०५० टीआयच्या काही मॉडेलांना कंपन्यांनी सहा पिनांचा कनेक्टर दिला होता, ती टाळा. आणि कॅबिनेट अरुंद असेल तर अर्ध्या उंचीचं, लो-प्रोफाइल कार्डच बसेल.

साधं १०५० बहुतेक दोन जीबीचंच असतं. त्यावर वेळ घालवू नका.

जीटी १०३० गेमिंगचं कार्ड म्हणता येणार नाही, पण जुन्या पीसीवर व्हिडिओ सुरळीत चालावेत म्हणून लोक ते घेतात. त्यातही जीडीडीआर५ या वेगवान मेमरीचंच घ्या. २०१८ मध्ये त्याच नावानं डीडीआर४ वालं आलं, आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ जीबीवर घसरला. यूट्यूब किंवा स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की १०३० मध्ये व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ रेकॉर्ड-स्ट्रीम करण्यासाठी दाबून लहान करणारा भाग) मुळातच नाही.

वरची चार

१०७०, १०७० टीआय आणि १०८० तिन्ही ८ जीबीची, एकाच जीपी१०४ चिपवर बनलेली. १०७० मध्ये १९२० कोअर, १०७० टीआयमध्ये २४३२, १०८० मध्ये २५६०. शेवटच्या दोघांत खेळताना जाणवावा असा फरक नाही, त्यामुळे जे कमी पैशांत आणि चांगल्या कूलरसकट मिळेल ते घ्या. १०७० टीआयचं एक बरं आहे: सगळ्या कंपन्यांनी ते एकाच क्लॉकवर, म्हणजे चिपच्या एकाच वेगावर, विकलं. तेव्हा ‘ओसी’, ‘गेमिंग एक्स’ अशा बिरुदांना जास्त पैसे देऊ नका, पंखे आणि हीटसिंक बघा. १०७० ही २०१७ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणाऱ्यांची आवडती वस्तू होती, म्हणजे कार्ड दिवसरात्र चाललेलं असू शकतं, त्यामुळे पंख्यांची घरघर कान देऊन ऐका.

१०८० टीआय मार्च २०१७ चं. ३५८४ कोअर आणि ११ जीबी मेमरी, त्यामुळे १४४०पी (फुल एचडीच्या वरच्या) मॉनिटरवर ते अजून उभं राहतं. पण खर्च कार्डापाशी थांबत नाही. ते २५० वॅट खातं, एनव्हिडियाची शिफारस ६०० वॅटच्या एसएमपीएसची आहे आणि आठ अधिक सहा पिनांच्या दोन केबल लागतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, बंद खोलीत, तेवढी सगळी उष्णता तुमच्या टेबलाखालून बाहेर पडणार. दमदार एसएमपीएस आणि हवेशीर कॅबिनेट आधीच असेल तरच त्याचा विचार करा. नसेल तर त्या पैशांत पुढच्या पिढीतलं कार्ड बसतं का ते आधी पाहा.

पैसे देण्याआधी

कार्डाची मागची पट्टी बघा. या पिढीत अ‍ॅनालॉग आउटपुट नाही, डीव्हीआय पोर्टही फक्त डिजिटल आहे. त्यामुळे ‘१०५० टीआय’ म्हणून दाखवलेल्या कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट दिसला, तर ते बहुधा बायोस (कार्डातलं ओळख सांगणारं सॉफ्टवेअर) बदललेलं दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं कार्ड आहे. तुमचा मॉनिटर जुना, व्हीजीएचा असेल तर वेगळा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागेल, तो खर्च धरूनच भाव करा. मग विक्रेत्याच्याच मशिनवर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. कोअरची संख्या, मेमरीचा प्रकार आणि बस वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. बनावट कार्डापुढे हा प्रोग्रॅम बहुतेक वेळा ‘फेक’ असं स्वतःच लिहितो. त्यानंतर एखादा जड गेम वीसेक मिनिटं चालवून पडद्यावर ठिपके, रंगीत पट्टे येतात का ते बघा. विक्रेता चालवून दाखवायला तयार नसेल तर दुसरीकडे चौकशी करा. १०६० वर्षानुवर्षे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं कार्ड होतं, त्यामुळे ६ जीबीचं कुठे ना कुठे मिळतंच.