इंजिन नाकात की छतावर? एच-१९ आणि ह्यूई यांतून अभ्यासासाठी निवड

सैनिक, सामान आणि जखमी वाहणारे लष्करी हेलिकॉप्टर सुरुवातीच्या काळात कसे घडत गेले, यावर प्रकल्प करू पाहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढे सिकॉर्स्कीचे एच-१९ घ्यावे की बेलचे यूएच-१, म्हणजे ‘ह्यूई’, असा प्रश्न उभा राहतो. दोन्ही यंत्रे अमेरिकी असली तरी त्यांच्यातला निर्णायक फरक, माझ्या मते, इंजिन कोठे बसवले यात आहे.

त्याआधीच्या छोट्या हेलिकॉप्टरांत माणसे चढली-उतरली की गुरुत्वमध्य सरकत असे. १० नोव्हेंबर १९४९ रोजी प्रथम उडालेल्या एच-१९मध्ये सुमारे ६०० अश्वशक्तीचे वजनदार पिस्टन इंजिन थेट नाकात तिरके बसवले, त्याचा शाफ्ट वैमानिकांच्या दोन आसनांमधून वर गिअरबॉक्सपर्यंत नेला आणि दहा सैनिकांचा कक्ष बरोबर रोटरखाली ठेवला. त्यामुळे कक्ष भरलेला असो वा रिकामा, तोल फारसा ढळत नसे. नाकाची दोन दारे कपाटासारखी उघडली की मेकॅनिक जमिनीवर उभा राहूनच इंजिनाला हात घालू शके. आघाडीवरच्या उघड्या मैदानात या सोयीचे मोल किती असेल, याची कल्पना करून पाहावी. सप्टेंबर १९५१मध्ये कोरियात अमेरिकी मरीन दलाने याच यंत्रांतून डोंगरमाथ्यांवर रसद आणि सैनिक पोहोचवले. भारतीय हवाई दलाचे १९५४मधले पहिले हेलिकॉप्टर एस-५५ हे याचेच नागरी रूप होय.

ह्यूईची मागणी मुख्यतः जखमींच्या वाहतुकीसाठी होती आणि तिचा पहिला नमुना २० ऑक्टोबर १९५६ रोजी उडाला. पिस्टन इंजिनाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे लायकॉमिंग टी-५३ टर्बाइन छतावर, गिअरबॉक्सच्या मागे गेले आणि नाक वैमानिकांना मोकळे मिळाले. कक्ष जमिनीलगत आला, त्यामुळे स्ट्रेचर आत सरकवणे सोपे झाले. सुरुवातीची ७०० अश्वशक्ती व्हिएतनामच्या उष्ण हवेत अपुरी पडली. ती पुढे यूएच-१डीमध्ये १,१००वर गेली आणि कक्षही लांबवला गेला.

वायू-टर्बाइन शिकून झाले असेल तर ह्यूई घ्यावी, कारण शक्ती आणि आकार एकमेकांना कसे ओढत नेतात हे तिच्या आवृत्त्यांमधून पायरीपायरीने तपासता येते. तेवढी तयारी नसेल तर मी निःसंकोच एच-१९ सुचवेन: त्याच्या नाकापासून रोटरपर्यंतचा एक उभा छेद कागदावर काढला, की तोलाचा प्रश्न आणि त्यावरचे उत्तर दोन्ही समोर येतात.