गोकुळपेठेतली चून-भाकर, आणि मुख्यतः ठेचा

नागपुरात तिखट म्हटलं की लोक सरळ सावजीचा पत्ता सांगतात. पण ते तिखट सुक्या लाल मिरचीचं आणि मसाल्याचं. हिरव्या मिरचीची हौस असेल तर गोकुळपेठ बाजाराच्या मागच्या गल्लीत दुपारी लागणारी चून-भाकरीची गाडी शोधा (चून म्हणजे पिठलं). पाटी नाही, नाव नाही. निळी ताडपत्री दिसली आणि मिरची भाजल्याचा ठसका लागला की पोहोचलात.

ताट नव्वद रुपयांचं: जवारीच्या दोन भाकरी, चून, कांदा, ठेचा, पेलाभर मठ्ठा. भाकर गरम आणि पातळ, चून ठीकठाक. हिवाळ्यात वांग्याचं भरीतही असतं, ते वेगळं मागावं लागतं.

जायचं ते ठेच्यासाठी. मिरच्या ज्वालासारख्या, बारीक, सुरकुतलेल्या, फिक्या हिरव्या. काका त्या लोखंडी तव्यावर जराशा फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात काळे डाग पडेस्तोवर भाजतात. मग लसूण, भाजलेले फल्लीदाणे, जाडं मीठ, मूठभर सांबार (म्हणजे कोथिंबीर), आणि सगळं दगडी खलात. दाण्याचा तुकडा दाताखाली येतो, मिरचीची साल वेगळी कळते, लसूण कुठे आहे कुठे नाही. पहिला घास साधा वाटतो. तिसऱ्या घासाला कानामागे घाम.

ताट देताना काकू विचारतात, "तिखट चालते ना जी तुम्हाले?" हो म्हटलं की चमचा मोठा होतो.

परवा शेजारी बसलेला एक कॉलेजचा पोरगा ठेच्यातल्या बिया वेचून काढत होता. उपयोग शून्य. तिखटपणा तयार होतो आतल्या पांढऱ्या शिरेत. बीला तो नुसता चिकटतो. शेवटी त्यानं घटाघटा पाणी प्यायलं, आणि काकू ओरडल्या, "पाणी नको रे, मठ्ठा घे!" काकू बरोबर होत्या. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. दूध-दह्यातली प्रथिनं मात्र ते जिभेवरून ओढून नेतात.

माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून हे ज्ञान. हेच कॅप्सेसिन ०.०२५ टक्के घातलेलं मलम मी गुडघेदुखीवाल्यांना विकतो. भाजल्याची वर्दी देणाऱ्या ज्या चेता ४३ अंशांच्या वर जाग्या होतात, त्याच मिरचीनंही जाग्या होतात. म्हणजे मे महिन्यात गाडीवर बसलात तर बाहेर ४५ आणि तोंडात त्याहून जास्त.

"मिरचीनं अल्सर होतो का?" हा प्रश्न काउंटरवर नेहमीचा. अल्सर बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे होतो, नाहीतर दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्यानं. मिरची त्याचं मूळ नाही. पण ज्यांना आधीच छातीत जळजळ होते किंवा मूळव्याध आहे, त्यांनी इथे चून-भाकरीवर थांबावं. कच्च्या हिरव्या मिरचीत १०० ग्रॅमला २४० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, हे खरं. पण पानात पडतो एक चमचा, तोही भाजलेला. जीवनसत्त्वासाठी ठेचा खातो म्हणणारा माणूस ठेच्यासाठीच खातो. संत्र्याच्या गावात हा बहाणा चालायचा नाही.

आता तक्रारी. दोननंतर गर्दी वाढली की खल बाजूला पडतो आणि मिक्सर निघतो. त्या ठेच्याचा हिरवा लगदा होतो, दाणा हरवतो, लसूण उग्र लागतो. चव निम्मी, भाव तोच. मीठ लावून तळलेली जाड मिरचीही मिळते; ती बहुधा मऊ पडलेली असते, नका घेऊ. पार्सल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत देतात, त्यातून तेल गळतं.

साडेबाराच्या सुमारास जा, घरून स्टीलचा डबा न्या, आणि काकांना आधीच सांगा, "खलातलाच द्या." सोमवारी गाडी बंद असते.