एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट : सात महिन्यांचा अनुभव

सांगलीत विश्रामबागला माझं डीटीपीचं काम आहे, मुख्यतः लग्नपत्रिका. लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. धडधाकट लॅपटॉप भंगारात काढणं जिवावर आलं. विंडोज सोडताही येत नव्हतं, कारण कोरल ड्रॉ आणि जुन्या मराठी फॉन्टमधलं सगळं काम त्यावरच चालतं.

दिवाळीला भाचा आला, तेव्हा त्याला शेजारी बसवून लिनक्स मिंट २२.२ (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) घातलं. आधी दोन दिवस पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, प्रिंटर, आवाज सगळं तपासलं. मग बॅकअप घेऊन ४८० जीबीच्या एसएसडीचे तीन भाग केले : विंडोज, मिंट आणि दोघांना लागणाऱ्या फायलींचा एक. लॅपटॉप चालू केला की मेनू येतो, हवं ते निवडायचं. विंडोजचं इंटरनेट मी कायमचं बंद केलं. मेल, व्हॉट्सॲप, बँक सगळं मिंटमध्ये. व्हर्च्युअल मशीनही, म्हणजे मिंटच्या आतच विंडोज चालवणं, करून पाहिलं होतं, पण ८ जीबीत दोघांची वाटणी केल्यावर कोरल रडतं.

आता घड्याळाचं सांगते, कारण तिथेच मला फटका बसला. मिंट लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ आपली स्थानिक समजतं. म्हणून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. इंटरनेट बंद, त्यामुळे ते आपोआप दुरुस्तही होईना. मी दुर्लक्ष केलं. तुळशीचं लग्न झालं, कामाची झुंबड उडाली. एका घरच्यांनी सकाळी अकराला प्रूफ परत पाठवलं, ‘मुहूर्ताची वेळ बदला, ताई’ म्हणून. ती पीडीएफ मिंटमध्ये उतरवली. दुपारी तीनला विंडोजमध्ये दुरुस्ती करून नवी पीडीएफ काढली, तिच्यावर वेळ पडली साडेनऊची. संध्याकाळी मिंटमध्ये यादीत सर्वांत वर सकाळची फाईल होती. तीच प्रेसला गेली. जुन्या मुहूर्ताच्या तीनशे पत्रिका छापून झाल्या. पुन्हा छापाईचा खर्च मी दिला, पण त्या मुलीच्या आईचा चेहरा अजून आठवतो.

उपाय एका ओळीचा. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायची : ‘timedatectl set-local-rtc 1’. मग मिंटही आतल्या घड्याळात स्थानिक वेळच ठेवतं. मिंट त्यावर इशारा देतं. त्यातली मोठी अडचण उन्हाळी वेळेसाठी घड्याळ पुढेमागे करणाऱ्या देशांची आहे, आपल्याकडे तसं होत नाही. हे पहिल्याच दिवशी करा.

त्याच दिवशी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं तर विंडोज ‘शट डाउन’ म्हणूनही पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपी जातं. मग मिंटला त्या भागातल्या फायली नुसत्या वाचता येतात, त्यात काही लिहिता येत नाही.

मराठी टायपिंग मिंटमध्ये उत्तम. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, सेटिंगमध्ये निवडला की झालं. जुन्या फॉन्टांचं मात्र वेगळं. त्यातलं मराठी मुळात इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेलं, म्हणून तो फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी नुसत्या इंग्रजी अक्षरांची भेसळ दिसते. कोरलच्या फायली मिंटवरच्या इंकस्केप या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये उघडतात, पण मजकूर जागचा हलतो. ग्राहकाचं काम त्यावर मी करत नाही.

मिंट वेगाने चालू होतं आणि दिवसभर उघडं असलं तरी मंदावत नाही. त्याची अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. सध्या रोज दोन-तीन जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टवर न अडणाऱ्या मराठीत, आणते आहे. ते काम संपेपर्यंत विंडोजचा भाग राहील.